शेवट मावशींचा

“थोडंसंच टोचेल हं,” असं म्हणत मावशी समोरच्याचं मनगट हातात घ्यायच्या आणि अंगठ्यानं शीर चाचपायच्या. कुवेतच्या बनेद अल-गारमधल्या एका छोट्या दवाखान्यात त्या लॅब टेक्निशियन होत्या. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं हे त्यांचं काम, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. पण ते दवाखान्यापुरतं राहिलं नव्हतं. शुक्रवारच्या प्रार्थनासभेनंतर चहाचा कप घेऊन त्या शेजारी येऊन टेकायच्या, तुमचं मनगट धरायच्या आणि म्हणायच्या, “थोडंसंच टोचेल हं. जाऊबाईंशी बोलायला लागलात का?”

टोचायचंच. आणि माणूस भडाभडा बोलायला लागायचा. मी सोडून. मला त्यांनी असं काही विचारलं की मी म्हणायचे, “आज चहात साखर जास्त झालीय, नाही?”

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते काही विशेष करत नाही, काही मिरवत नाही, तरी लोक उठून त्याच्याकडेच जातात. तुम्हाला अशा माणसाचा हेवा वाटत नसेल तर तुम्ही माझ्यापेक्षा फार चांगले आहात. मला वाटायचा. रोज वाटायचा, आणि शुक्रवारी तर जेवण जाऊ नये इतका वाटायचा.

आता मावशी या नावाचंच बघा. त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पण सगळ्या गटाची ती मावशी आणि मी सगळ्या गटाची ‘बाई’. मी सालमियातल्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवते, म्हणून बाई. तेवीस-चोवीस वर्षांच्या नर्स मुली मावशींच्या गळ्यात पडायच्या आणि मला लांबून ‘गुड इव्हनिंग’ करायच्या. मी हट्टानं मावशींना ‘सिस्टर’ म्हणायचे. चर्चमध्ये तसंही म्हणतातच, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटत नसे.

आमचा गट म्हणजे कुवेतमध्ये पोटापाण्यासाठी आलेले मराठी ख्रिस्ती. कोणी नगरचे, कोणी जालन्याचे, कोणी सोलापूरचे. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. सकाळी चर्चच्या आवारात उपासना आणि दुपारनंतर कोणाच्या तरी फ्लॅटवर प्रार्थनासभा. गाणी हळू आवाजात, खिडक्या बंद, एसी चालू. शेवटी साखळी प्रार्थना.

साखळी प्रार्थनेची आमची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. सगळ्यांनी गोल करून बसायचं, शेजाऱ्याचा हात धरायचा, डोळे मिटायचे. एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि झाली की पुढच्याचा हात दाबायचा, म्हणजे आता तुमची पाळी. एखाद्याला त्या दिवशी प्रार्थना करवत नसेल तर त्यानं न बोलता पुढचा हात दाबायचा. कोणी कोणाला कारण विचारायचं नाही. सुरुवात आमचे सोलापूरचे दादा करायचे. ते गटातले सगळ्यात ज्येष्ठ, एसी दुरुस्तीचं काम करायचे. मग पुरुष, मग आम्ही बायका, आणि सगळ्यात शेवटी मावशी. त्यांचं ‘आमेन’ झालं की सभा संपली. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण ‘शेवट मावशींचा’ असं सगळे सहज म्हणून जायचे.

ती जागा खरं म्हणजे माझी होती. माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. प्रार्थना कशी बांधायची हे मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. आधी देवाची महती, मग जगातले राज्यकर्ते, मग हा देश आणि त्याचे अधिकारी, मग आजारी, मग प्रवासी, मग परीक्षेला बसलेली मुलं. एक पायरी चुकत नसे. माझी मुलगी मात्र एकदा गाडीत म्हणाली, “मम्मी, यू प्रे लाइक स्कूल असेंब्ली.” नवरा हसला. मी दोघांशीही घरी पोचेपर्यंत बोलले नाही.

आणि मावशींची प्रार्थना कशी? “बापा, त्या फहाहीलच्या भावाचा इकामा अडकलाय, इथं राहायचा परवानाच निघेना. त्याचं नाव... थांब हं... जाऊ दे, नाव तुला माहीत आहे. त्याच्या कफीलाला, त्या मालकाला, जरा सुबुद्धी दे. आणि हो, मागच्या वेळी मी त्याला ड्रायव्हर म्हणाले होते. तो वेल्डर आहे.” नावं विसरायच्या, मजले चुकायच्या, मग देवाजवळच चूक दुरुस्त करायच्या. सालमियाच्या बाईचं दुखणं हवल्लीच्या बाईला द्यायच्या आणि परत घ्यायच्या. लोक मिटल्या डोळ्यांनी हसायचे आणि हसता हसता रडायचे. माझ्या प्रार्थनेत कधी कोणी रडलं नाही. एकदा दादा घोरले, एवढंच.

दादांच्या झोपेचा किस्सा आमच्या गटात अजून सांगतात. आम्ही सहलीला खैरानला समुद्रावर एक शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्यानं घेतलं होतं. जेवणं जड झाली होती. साखळी सुरू व्हायची होती ती दादांपासून, आणि दादांनी सुरुवात केलीच नाही. सगळे हात धरून, डोळे मिटून बसलो. शांतता लांबत गेली. मला वाटलं, वा, आज काय आत्मा उतरलाय! एक जण तर हुंदके द्यायला लागला. मग त्या शांततेत मावशी खुदकन हसल्या. “बापा,” त्या म्हणाल्या, “दादा पुढं गेलेत झोपेत. आम्ही चालू करू का?” आत्मा वगैरे काही नव्हता, दादा पाय पसरून गाढ झोपले होते.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एका शुक्रवारी त्यांनी माझ्या घरातच हात घातला.

पाळी मावशींवर आली होती. इकडचे तिकडचे दोन-तीन विषय झाले आणि त्या म्हणाल्या, “आणि बापा, बाईंच्या मिस्टरांना झोपच येईना गेलीय. कंपनीत माणसं कमी करायलेत म्हणून धसका घेतलाय त्यांनी. प्रार्थनाही करवेना म्हणतात. त्यांची झोप परत दे.”

मी डोळे उघडले. समोर पुरुषांच्या बाजूला माझा नवरा बसला होता. त्यानं डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. माझ्या नवऱ्याची झोप उडालीय हे मला दुसऱ्या बाईनं देवाला सांगितल्यावर कळलं.

गाडीत मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तू झोपलेली असतेस.”

“उठवायचं.”

“उठवलं असतं तर तू प्रार्थना केली असतीस.”

“मग?”

“लांब,” तो म्हणाला आणि त्यानं सिग्नलकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. “चुकलं माझं बाई. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. नवरा-बायको म्हटल्यावर...” मी म्हणाले, “असू दे सिस्टर.”

तर अशी मी जळत होते, आणि जळणारं माणूस फार लक्षपूर्वक ऐकतं. इतरांना मावशींची प्रार्थना ऐकून बरं वाटायचं. मी ती पेपर तपासावा तशी तपासायचे. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला जे कोणाच्याच ध्यानात आलं नाही ते माझ्या आलं. मावशी मागच्या आठवड्याचीच प्रार्थना करत होत्या. वेल्डरचा इकामा कधीच निघाला होता, त्यानं सगळ्यांना जिलबी वाटली होती, तरी त्याच्या कफीलाला सुबुद्धी मागणं चालूच होतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. सगळी नावं बरोबर, सगळे मजले बरोबर. एकही चूक नाही, एकही दुरुस्ती नाही. मला आनंद व्हायला हवा होता. तो थोडा झालाही, पण टिकला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी बाहेर धुळीचं वादळ होतं. खिडक्यांवर पिवळा उजेड साचला होता. साखळी फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी माझ्या पायऱ्या चढून उतरले आणि मावशींचा हात दाबला. त्या बोलल्या नाहीत. एसी घरघरत होता. आणि मग माझा हात दाबला गेला.

साखळीत हात पुढे दाबायचा असतो, मागे कधी नाही. मला वाटलं, प्रेमानं दाबला असेल. पुन्हा दाबला गेला, या वेळी जोरात. त्यांचा तळवा बर्फासारखा थंड होता. मला कळलं, त्यांना प्रार्थना करवत नव्हती, आणि त्या शेवटच्या, त्यांच्या पुढे पाळी उरलेलं कोणी नव्हतं. मी त्यांचा हात सोडला नाही आणि माझीच प्रार्थना जणू संपलीच नव्हती अशी पुढे ओढली. फहाहील, सालमिया, हवल्ली, सगळं माझ्या पद्धतीनं उरकलं आणि ‘आमेन’ म्हणून टाकलं.

डोळे उघडल्यावर दादा म्हणाले, “बाई, आज मावशींची पाळी बी तुमीच खाल्ली की ओ!” सगळे हसले, पण तोंडदेखलं. एक नर्स मुलगी मावशींजवळ जाऊन म्हणाली, “मावशी, तुमचं राहूनच गेलं.” आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या ताटातली पोळी उचलली होती. मावशी काही बोलणार, तोच मी म्हणाले, “ओघात झालं.” माझा हेवा काही गुपित नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं.

त्या आठवड्यात माझी थायरॉइडची तपासणी होती. ती मी नेहमी सालमियातच करायचे, पण या वेळी मुद्दाम बनेद अल-गारला गेले. मावशींनी दंडाला रबरी पट्टी बांधली, मनगट धरलं, शीर चाचपली. त्यांचं वाक्य मात्र आलं नाही. म्हणून मीच म्हणाले, “थोडंसंच टोचेल हं, मावशी. काय झालंय?”

मी त्यांना पहिल्यांदाच मावशी म्हणाले होते. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

“काहीच येईना गेलंय, बाई. पूर्वी डोळे मिटले की समोर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. म्हणून तर बोलता यायचं. आता डोळे मिटले की नुसता एसी ऐकू येतो.”

“कधीपासून?”

“ठाऊक नाही. आधी वाटलं थकवा आहे. मग वाटलं बी-ट्वेल्व्ह कमी झालं असेल. इथंच तपासलं. नॉर्मल आलं.”

“घरी काही झालंय का? जालन्याला?” नवरा आणि मुलगा तिकडे, त्या इथे दवाखान्याच्या फ्लॅटवर, हे मला माहीत होतं.

“काही नाही ना! तेच तर. काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. देवावर राग नाही, कशावर राग नाही. कोरडं पडलंय नुसतं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “दर शुक्रवारी लोक माझ्यापाशी काहीबाही ठेवून जातात. त्यांना वाटतं मी ते वर पोचवते. मी रिकामी आहे हे कळलं तर त्यांनी कुणाकडं बघायचं? पण खोटं तरी किती दिवस बोलू?”

तुम्हाला वाटेल, माझं मन द्रवलं. तसं काही झालं नाही. मला राग आला. इतकी वर्षं जिच्यावर मी जळले, जिच्यासारखं एकदा तरी जमावं म्हणून झोपेत दात खाल्ले, ती बाई अशी स्टुलावर खांदे पाडून बसलेली मला चालणार नव्हती. तिची जागा मला हवी होती, पण तिनं टाकून दिलेली नको होती.

“माझ्या शेजारीच बसायचं,” मी म्हणाले. “जमलं नाही की हात दाबायचा. पुढचं मी बघते.”

“लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“ठेवतातच. माझी प्रार्थना एवढी लांब असते की तिच्यामागं हत्ती लपेल. कुणाला कळायचं नाही.”

त्या हसल्या आणि त्यांनी रक्त काढलं. शीर पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदाही हुकली.

मग आमचं सुरू झालं. शुक्रवारी हात मागे यायचा आणि मी प्रार्थना ओढत न्यायचे. दादांनी मला एकदा बाजूला घेऊन समजावलं, “बाई, तुमचं ज्ञान मोठं, ते मान्य. पर दुसऱ्यालाबी संधी द्यावी की ओ.” नवरा म्हणाला, “मावशींना बोलू दे ना जरा. चांगलं नाही दिसत ते.” नर्स मुलींनी तर मला माझ्यासमोरच ‘माइक’ असं नाव ठेवलं. मी गप्प. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी राहिले नव्हते.

पण खरा छळ वेगळाच होता. लोक मावशींना फोन करून आपलं दुखणं सांगायचे आणि मावशी ते मला सांगायच्या. “बाई, त्या मेहबूलाला राहणाऱ्या मुलीचं बाळंतपण अडलंय. नाव आठवेना.”

“नावाशिवाय मी कशी करू प्रार्थना?”

“त्याला माहीत असतं.”

“मला नको का माहीत?”

तरी मी करायचे. पोळ्या लाटताना करायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता करायचे. मग असली एखादी मुलगी सुखरूप सुटायची आणि पेढे, बकलावा, फुलं घेऊन मावशींकडे जायची. “मावशी, तुमच्या प्रार्थनेनंच झालं हो!” मावशी ती बकलाव्याची पेटी पुढच्या शुक्रवारी गुपचूप माझ्या पिशवीत सरकवायच्या. मला बकलावा नको होता. मला नाव हवं होतं.

त्यातून माझा नवरा. त्याच्या झोपेसाठी मी त्याचे शर्ट इस्त्री करताना महिनाभर देवाशी हुज्जत घातली होती. एका सकाळी तो ताजातवाना होऊन डायनिंग टेबलावर आला. “दगडासारखा झोपलो,” तो म्हणाला. “मावशींची प्रार्थना, दुसरं काय.” मी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. कप बशीवर जरा जोरात बसला. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

मावशींनाही हे डाचत होतं. “मी सांगून टाकते सगळ्यांना,” त्या दर आठवड्याला म्हणायच्या. मी म्हणायचे, “खबरदार. आधी तुमचं परत येऊ दे.” मग विचारायचे, “आज काही?” त्या मान हलवायच्या. “एसी,” एवढंच म्हणायच्या. मग मी घरी येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे. आमच्या वडिलांनी शिकवलेल्या पायऱ्यांत ‘जिचा हेवा वाटतो तिच्यासाठी’ अशी पायरी नव्हती. मी नुसतीच म्हणायचे, “हिला तिचं परत दे, मग मी पुन्हा निवांत जळते.”

थंडीच्या सुरुवातीला त्यांचा दवाखाना बंद व्हायचं ठरलं. इकामा रद्द होणार, त्या जालन्याला परत जाणार. त्यांचा शेवटचा शुक्रवार आमच्या घरी ठेवला. नवऱ्यानं सकाळीच शर्कच्या बाजारातून झुबेदी मासे, म्हणजे आपली पापलेटं, आणून तळायला लावले. सगळा गट जमला. जो तो डोळे पुसत होता आणि मला वाटत होतं, हे सगळे आपल्या मावशीसाठी रडतायत आणि त्यांना तिचं काहीच माहीत नाही.

साखळी सुरू व्हायच्या आधी दादांनी हात वर केला. “आज शेवट मावशींचाच. बाई, तुमी आज मधी यायचं न्हाई. घर तुमचं आहे, पर तोंडाला जरा कुलूप लावा की ओ.” सगळे मोठ्यानं हसले. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

साखळी फिरली. एकेकानं मावशींसाठी देवाचे आभार मानले. ‘तिच्या प्रार्थनेमुळे’ हे शब्द इतक्यांदा आले की माझा जबडा दुखायला लागला. मी माझी प्रार्थना कधी नव्हे ती दोन वाक्यांत उरकली आणि मावशींचा हात दाबला.

शांतता. एसी.

माझा हात मागे दाबला गेला.

बोलले तर सगळा गट मला फाडून खाणार होता. न बोलले तर ही बाई सगळ्यांसमोर उघडी पडणार होती. मी तोंड उघडलं. “हे सर्वसमर्थ...”

“बाई!” दादा चक्क प्रार्थनेत ओरडले.

आणि तेव्हा मावशींचा आवाज आला.

“बापा, बाईंना ओरडू नका म्हणावं. हात मीच दाबलाय. उन्हाळ्यापासून मीच दाबतेय. माझ्याकडं काही नाही, बापा. लई दिवस झाले. डोळे मिटते नि एसी ऐकते. या सगळ्यांनी माझ्यापाशी ठेवलं ते मी बाईंकडं दिलं. मेहबूलाचं बाळंतपण यांनी केलं. म्हणजे प्रार्थना यांनी केली, बाळंतपण डॉक्टरनं. वेल्डरच्या आईचं ऑपरेशन, तेही यांचं. नाही, वेल्डर नाही, तो दुसरा, क्रेनवाला. बाईंच्या मिस्टरांची झोपही बाईंचीच. आणि बोलणी यांनीच खाल्ली. यांना सांभाळ. यांचं नाव...”

त्या अडखळल्या.

“थांब हं... मी तर बाईच म्हणते. जाऊ दे, नाव तुला माहीत आहे. आजही माझ्याकडं काही नाही. तशीच चाललेय. आमेन.”

मला एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की इतके महिने ज्या एका गोष्टीसाठी मी आतल्या आत फुटत होते ती घडली, आणि त्यात माझंच नाव नेमकं विसरलं गेलं. दुसरी अशी की मी ते ऐकलं. विसरलेलं नाव. चुकलेला वेल्डर. दुरुस्त केलेलं बाळंतपण. ती परत बोलत होती, समोर कुणीतरी बसलेलं असावं तशी. प्रार्थना येत नाही हे सांगता सांगता या बाईनं प्रार्थना करून टाकली होती, आणि तीही मला जन्मात जमली नसती अशी. मला इतका आनंद झाला आणि इतका मत्सर वाटला की मी ढसाढसा रडायला लागले.

कोणीच ‘आमेन’ म्हणेना. मग पुरुषांच्या बाजूनं माझ्या नवऱ्याचा आवाज आला. “माझंही तसंच आहे. बरेच दिवस झाले. मी नुसताच हात दाबतो.” ती माइक म्हणणारी नर्स मुलगी हळूच म्हणाली, “माझं पण.” त्यानंतर हात दाबले जात राहिले, पुढे आणि मागे, कोणाची पाळी आहे याचा पत्ता नसलेले. शेवटी दादांनी नाक ओढलं आणि म्हणाले, “आता आमेन म्हणा की ओ कुणीतरी. बाई, तुमी म्हणा.”

मी म्हटलं. तेवढाच एक शब्द.

मावशी गेल्या. दवाखान्याच्या काचेला आता आतून पांढरा रंग फासलाय. परवा मी तपासणीसाठी दुसरीकडे गेले, तर तिथल्या मुलानं न बोलता सुई खुपसली. गटात आता शेवट ठरलेला नसतो. ज्याला जमेल तो करतो, ज्याला जमत नाही तो हात दाबतो, आणि हात मागे आला तरी कोणी दचकत नाही. नवरा माझ्या शेजारी बसतो. झोप आली नाही तर मला उठवतो. मी आखूड करायला शिकलेय, असं तो म्हणतो.

मागच्या आठवड्यात मावशींचा आवाजातला निरोप आला. मागे कोंबडा आरवत होता. “बाई, बरी आहे मी. इथं चर्चात बायकांची सभा असते. परवा परत मधीच कोरडं पडलं बघा. पण शेजारी एक रिटायर्ड मुख्याध्यापिका बसतात. लई लांब प्रार्थना करतात, अगदी तुमच्यासारखी! मी त्यांचा हात दाबला. त्यांनी सांभाळून घेतलं.”

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. ‘अगदी तुमच्यासारखी.’ कोण ही मुख्याध्यापिका? कुठून आली? हिला काय माहीत त्या थंडगार तळव्याबद्दल? इतकी वर्षं मी मावशींवर जळत होते, पण त्या दुपारी माझ्या अंगाचा जो भडका उडाला त्याच्यापुढे ते काहीच नव्हतं.

मी टाइप केलं, “त्यांचा हात दाबायचा नाही. मला फोन करायचा.”

मग मावशींचं उत्तर आलं. “थोडंसंच टोचलं ना, बाई?”

चहात साखर जास्त झालीय, असं लिहिणार होते. लिहिलं, “पुष्कळ.”